पितळेवर न कोरलेले नाव

सांगलीच्या जुन्या गावठाणात, कृष्णेच्या घाटापासून फारशा दूर नसलेल्या एका गल्लीत, बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले पितळेचे एक जडशीळ नळकांडे माझ्या हाती आले, ते दिवाळीआधीच्या साफसफाईच्या दिवसांत. आणि तेव्हापासून जवळजवळ दोन वर्षे त्या नळकांड्याचे कूळ आणि मूळ शोधण्याचा जो ध्यास मला लागला, त्याचीच ही हकिकत आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे सांगत आले आहेत. परंतु यंत्राच्या बाबतीत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. यंत्राचे कूळ विचारीत गेले म्हणजे ज्यांचे ऋण मानावयाचे राहून गेले, अशी माणसे वाटेत भेटतात.

ज्यांच्या घरी ते निघाले ते गृहस्थ आता साठी उलटलेले आहेत. आजोबांनी स्टुडिओ काढला, वडिलांनी तो भरभराटीस आणला आणि नातवाच्या हयातीत त्याला कुलूप लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले, तेव्हा तळमजल्यावरील लाकडी पेट्यांत उभ्या रचलेल्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा कित्येक दिवस गढूळ पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर पेट्या उघडल्या, तो काचा बहुतेक शाबूत होत्या, पण काचांवरची माणसे धुऊन गेली होती. कोणाची मुंज, कोणाचे लग्न, कोणा पैलवानाची गदा घेतलेली छबी, सारे चिखलाबरोबर वाहून गेले. भिंग तेवढे माळ्यावर होते म्हणून वाचले.

"आजोबा ह्याला जर्मन भिंग म्हणायचे," ते मला म्हणाले. "मुंबईहून आणलं होतं, जुनंच. भंगारवाला किलोच्या भावानं घ्यायला तयार होता. पण ज्या वस्तूला आजोबांनी आम्हा पोरांना कधी हात लावू दिला नाही, ती तागडीत कशी टाकायची?"

त्यांचा हा संकोच माझ्या उपयोगी पडला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

*

वीतभर लांबीची पितळी नळी, तिच्या तोंडाशी उन्हाची तिरीप अडविण्यासाठी पुढे आलेले कडे, बाजूला दातेरी पट्टी आणि तीवर चालणारे लहान चक्र, की ज्याच्या फिरण्याने नळी मागेपुढे सरकावी. बुडाशी कॅमेऱ्याच्या फळीला स्क्रूने बसविण्याचे कडे, आणि नळीच्या मध्यावर, वरच्या अंगास, करवतीने कापावी तशी एक अरुंद आडवी खाच. पितळेवरची लाख जागोजागी उडालेली, आणि जेथे दोन पिढ्यांची बोटे लागली असतील तेथे धातू हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा झालेला. पुढच्या काचेखाली झोकदार रोमन अक्षरांत नाव कोरलेले होते. परंतु ते नाव जर्मन नव्हते, तर लंडनमधील एका विक्रेत्याचे होते. विक्रेत्याची आणि कारागिराची मोहोर एकच समजण्याची चूक प्रथमदर्शनी कोणाच्याही हातून व्हावी. माझ्याही हातून ती झाली, आणि कित्येक आठवडे मी एक इंग्रजी भिंग म्हणूनच त्याचा पत्ता शोधीत राहिलो.

तो समज मोडला पुण्यात. जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले आणि ज्यांना त्या धंद्यातील सारे लोक तात्या म्हणूनच ओळखतात, अशा एका वृद्ध कारागिरांकडे मी ते भिंग नेले. त्यांनी कोरलेल्या नावाकडे पाहिलेदेखील नाही. खोलीतील दिवे मालवून त्यांनी एक मेणबत्ती पेटविली, नळी तिरपी धरली आणि मला काचेत डोकावून पाहण्यास सांगितले.

"ज्योती मोजा," ते म्हणाले.

काचेचा जो जो पृष्ठभाग हवेला लागून असतो तो तो ज्योतीचे एक तेजस्वी प्रतिबिंब परत पाठवितो, आणि जेथे दोन काचा राळेने एकमेकींस चिकटविलेल्या असतात तेथून येणारे प्रतिबिंब अगदी क्षीण, जणू राखेखालच्या निखाऱ्यासारखे असते. पुढच्या बाजूने पाहता दोन तेजस्वी व एक मंद अशा तीन ज्योती दिसल्या. मागच्या बाजूने पाहता चार, आणि चारही सारख्या उजळ. याचा अर्थ असा, की पुढे चिकटविलेल्या दोन काचांची एक जोडी, आणि मागे मध्ये हवेची फट ठेवून बसविलेल्या दोन काचांची दुसरी. तात्यांनी मेणबत्ती विझविली.

"हे पेट्सवालचं घराणं. नाव कुणाचंही असू दे, गणित त्याचं आहे."

*

ते गणित ज्या परिस्थितीत जन्मास आले ती समजून घेतल्यावाचून या पितळी नळीचे मोल कळावयाचे नाही. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरच्या प्रकाशलेखनाची कृती जगापुढे जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ द्यावी, तो पत्रा अंधाऱ्या पेटीत भिंगासमोर धरावा, आणि मग पाऱ्याच्या वाफेने त्यावरील प्रतिमा प्रकट करावी, अशी ती विद्या होती. इमारती, पुतळे, रस्ते यांची चित्रे त्या पत्र्यांवर विस्मयकारक सूक्ष्मतेने उमटत. माणसे मात्र उमटत नसत. दागेरच्या पेटीला बसविलेले शेवालिए याचे भिंग सबंध पत्रा रेखीव उमटावा म्हणून इतक्या लहान छिद्रातून प्रकाश घेई, की लख्ख उन्हातही कित्येक मिनिटे पेटी उघडी ठेवावी लागे. आणि जिवंत माणूस तेवढा वेळ पापणी न हलविता कसा बसणार? रस्त्यावरून चालणारा मनुष्य त्या पत्र्यावर आपली छायादेखील सोडीत नसे. ज्या कलेची पुढे सर्वांत मोठी मिरास मानवी मुखमुद्रा ही ठरावयाची होती, तिला आरंभी माणसाचा चेहराच वर्ज्य होता.

त्या वेळी पॅरिसमध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एटिंग्सहाउसेन हजर होते. अडचण रसायनापेक्षा काचेची अधिक आहे, हे त्यांनी ओळखले. आणि घरी परतल्यावर त्यांनी ही गोष्ट आपले सहकारी, गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सवाल यांच्या कानावर घातली. पेट्सवाल तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. ६ जानेवारी १८०७ रोजी, त्या काळी हंगेरीच्या राज्यात आणि आज स्लोव्हाकियात असलेल्या स्पिश्स्का बेला या लहानशा गावी, एका शिक्षकाच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पेस्ट येथे स्थापत्याचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे त्या शहराच्या नोकरीत अभियंता म्हणून काढली, तेथेच अध्यापनही केले, आणि १८३७ मध्ये ते व्हिएन्नाच्या गणितपीठावर आले. भिंगे घासण्याच्या धंद्याशी त्यांचा यापूर्वी काही संबंध नव्हता. आणि कदाचित म्हणूनच त्या धंद्याचा शिरस्ता मोडण्यास ते समर्थ ठरले.

शिरस्ता असा होता, की कारागिराने काच घासावी, दुसऱ्या काचेशी जुळवून पाहावी, प्रतिमा पडद्यावर टाकावी, आणि न साधल्यास पुन्हा घासावी. अनुभव आणि चिकाटी हीच त्याची साधने. पेट्सवाल यांनी हा क्रम उलटा केला. प्रकाशाचा प्रत्येक किरण कोठून शिरतो, कोणत्या पृष्ठभागावर किती वळतो आणि शेवटी कोठे पोहोचतो हे आधी कागदावर आकड्यांनी ठरवावयाचे, आणि मगच काचेला हात घालावयाचा. परंतु चार काचांच्या आराखड्यासाठी अशी किरणगणना करणे म्हणजे लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर महिनोन्‌महिने मान मोडून बसणे होय. हे एकट्याचे काम नव्हते. त्या काळात आकडेमोडीत निष्णात अशी माणसे एका ठिकाणी हुकमी मिळत, ती म्हणजे तोफखान्यात. कारण तोफेचा गोळा कोठे पडेल हे सांगण्यालाही गणितच लागते. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुखपद सांभाळणारे राजपुत्र लुडविग यांनी तीन कॉर्पोरल आणि आठ गोलंदाज पेट्सवाल यांच्या दिमतीस दिले. जे हिशेब एरवी तटबंदी पाडण्यासाठी व्हावयाचे, ते काही महिने माणसाचा चेहरा जपण्यासाठी झाले. सैन्याच्या इतिहासात यापेक्षा सुंदर नेमणूक मला तरी ठाऊक नाही.

१८४० च्या वसंतात आराखडा सिद्ध झाला. पुढे क्राऊन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा चिकटवून केलेली जोडी. मागे काही अंतरावर, मध्ये हवेची फट राखून, आधी फ्लिंट आणि मग क्राऊन अशी दुसरी जोडी. एका जोडीने निर्माण केलेले दोष दुसरीने निस्तरावे, अशी ती योजना होती. भिंगाची वेगशक्ती आजच्या परिभाषेत एफ ३.६ इतकी, म्हणजे शेवालिएच्या भिंगाच्या मानाने सुमारे वीस पट अधिक प्रकाश आत घेणारी. पत्र्यांवर ब्रोमिनसारख्या द्रव्यांचा संस्कार करून त्यांची संवेदनक्षमता वाढविण्याची युक्तीही याच सुमारास साधली, आणि या दोहोंच्या संगमाने मिनिटांचे काम सेकंदांवर आले. मान स्थिर ठेवण्यासाठी पाठीमागे लोखंडी टेकू लावून का होईना, माणूस आता भिंगासमोर बसू शकत होता.

*

आराखडा कागदावर होता. तो काचेत उतरविण्याचे काम व्हिएन्नातील व्हॉइग्टलँडर या पेढीकडे गेले. १७५६ मध्ये स्थापन झालेली ही पेढी त्या वेळी फ्रिडरिश व्हॉइग्टलँडर या तरुण मालकाच्या हाती होती, आणि काचेची अपवर्तनशक्ती अचूक मोजण्यात तो स्वतः वाकबगार होता. १८४१ मध्ये त्याने हे भिंग बसविलेला संपूर्ण पितळेचा, दुर्बिणीसारखा दिसणारा आणि वर्तुळाकार पत्र्यावर चित्र घेणारा कॅमेरा बाजारात आणला. मागणी युरोपभर पसरली, अटलांटिकपलीकडे गेली, आणि पेढीवर संपत्तीचा वर्षाव सुरू झाला. पेट्सवाल यांच्या पदरी पडली ती २,००० गुल्डनची एकरकमी बिदागी.

पैशांचा वाद आणि मानाचा वाद यांची सरहद्द आखणे सोपे नसते. १८४५ च्या सुमारास दोघांचा संबंध तुटला. १८४९ मध्ये व्हॉइग्टलँडरने जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे नवा कारखाना घातला. ऑस्ट्रियाबाहेर या आराखड्याला कोणतेही कायदेशीर संरक्षण नव्हते, तेव्हा तेथे भिंगे करण्यास त्याला कोणाची मनाई नव्हती. अर्थात इतरांनाही नव्हती. पॅरिस, लंडन आणि अमेरिका येथील कारागिरांनी ही रचना उचलली आणि आपापल्या नावांनी भिंगे काढली. १८५१ मध्ये काचेवरील कलोडियनची प्रक्रिया आली, १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच प्लेटवर अनेक लहान छबी घेऊन त्या भेटकार्डाच्या आकारात विकण्याची टूम काढली, आणि मग तर मुखचित्राचे भिंग म्हणजे पेट्सवालचे भिंग, असा सर्व जगाचा परिपाठच पडला. १८६६ मध्ये लंडनच्या डालमायरने मागच्या जोडीतील काचांचा क्रम उलटा करून एक सुधारणा केली, आणि त्याबरोबर चित्राला हवा तसा मृदुपणा देण्याची सोय करून दिली. परंतु तीही या घराण्याचीच शाखा.

ज्या वेगाने हे भिंग जगभर गेले त्याच्या मानाने ते आपल्याकडेही उशिरा आले नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या कामकाजात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी मनापासून भाग घेतला. मुखचित्रणात त्यांनी नाव मिळविले. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि त्यातून शिकून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेऊन १८६३ आणि १८६६ मध्ये त्यांचे दोन खंड प्रसिद्ध केले. ही सारी मुखचित्रणाची परंपरा ज्या काळात उभी राहिली, त्या काळात माणसासमोर लावावयाचे भिंग म्हणजे पेट्सवालच्या रचनेचे, हे सर्वत्र गृहीत होते. एवढेच नव्हे, तर पडद्यावर चित्र फेकण्यासाठीही हीच रचना सर्वांत सोयीची ठरली. जादूच्या कंदिलांना सर्रास बसविली जाणारी भिंगे याच कुळातील. तेव्हा १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर हलवून 'शांभरिक खरोलिका' दाखविण्यास आरंभ केला, त्या खेळाची आणि पुढे जत्रेतील तंबूत फिरत्या सिनेमाने आपल्याला दाखविलेल्या अद्भुताची नाळ व्हिएन्नाच्या त्या अकरा सैनिकांच्या पाट्यांपर्यंत पोहोचते.

*

आता सांगलीच्या नळीकडे परत येतो. घराणे कळले होते. घर कळावयाचे होते. तात्यांनी मागच्या क्रमाची परीक्षा घेतली: आधी जड, शिसेयुक्त फ्लिंट, मग हलकी क्राऊन. म्हणजे डालमायरची उलटी रचना नव्हे, तर मूळ पेट्सवाल क्रम. नंतर त्यांनी मधल्या खाचेवर बोट ठेवले. पूर्वी प्रकाश कमी करावयाचा तर भिंगाच्या तोंडाशी भोकाच्या चकत्या बसवाव्या लागत. १८५८ मध्ये इंग्लंडमधील जॉन वॉटरहाउस याने नळीलाच खाच पाडून तीतून वेगवेगळ्या छिद्रांच्या पट्ट्या आत सोडण्याची पद्धत सुचविली. जुन्या भिंगांना मागाहूनही अशा खाचा पाडण्यात आल्या, पण मागाहून पाडलेली खाच आतील काळ्या रंगाला कापीत जाते आणि तिच्या कडेला उघडे पितळ दिसते. आमच्या नळीत खाचेच्या ओठांवरही मूळचा काळा रंग अखंड होता. म्हणजे भिंग १८५८ नंतरचे. आजोबांचे 'जर्मन' हे विशेषण अद्याप खोटे ठरले नव्हते.

मग तात्यांनी दोन टोकांचा पाना घेतला, नळीच्या मागील कड्याच्या आट्यांवर तेलाचा एक थेंब सोडला, आणि आम्ही चहा घेतला. घाई केली तर शंभर-दीडशे वर्षांच्या आट्या कायमच्या बिघडतात, असे ते म्हणाले. अर्ध्या तासाने कडे हलले. मागची काच त्यांनी मऊ कापडावर अलगद उतरविली, खिडकीपाशी नेली, आणि तिची कड, म्हणजे जेथून प्रकाश कधीच जात नाही आणि म्हणून जिच्याकडे कोणी कधी पाहत नाही ती घासलेली, दुधट, बोटाच्या पेराएवढीही रुंद नसलेली कड, माझ्या डोळ्यांसमोर धरून ती सावकाश फिरवू लागले. धुळीची एक रेघ गेली, एक बारीक टवका गेला, आणि मग राखाडी, तिरप्या, घाईने लिहिलेल्या अक्षरांत पेन्सिलीची एक ओळ काचेच्या वळणाबरोबर वळत आली. अक्षरे फ्रेंच वळणाची होती. दार्लो, आणि पुढे, पॅरिस.

पॅरिसमध्ये जामँ नावाच्या भिंगकाराचा कारखाना होता, आणि १८६० च्या सुमारास तो त्याचा सहकारी अल्फोन्स दार्लो याच्या हाती आला. काचेच्या कडेवर पेन्सिलीने सही करण्याची त्या कारखान्याची चाल जुन्या भिंगांच्या जाणकारांना परिचित आहे. ही भिंगे परदेशी व्यापारी ठोक विकत घेत आणि पितळेवर आपले नाव कोरून पुढे विकत. सांगलीच्या भिंगाची हकिकतही हीच. एकट्या दार्लोचे नाव असल्याने ते १८६० च्या आधीचे नव्हे, हेही ठरले. आजोबांचे जर्मन भिंग फ्रेंच निघाले. मी फोनवर ही वार्ता सांगलीला कळविली, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली, मग ते म्हणाले, "म्हणजे आजोबांच्या हातात रोज ती सही होती, आणि त्यांना ठाऊक नव्हतं."

मला त्यांच्या त्या वाक्याने फार विचारात टाकले. पितळेवर, सर्वांना दिसेल असे नाव होते ते विकणाऱ्याचे. काचेच्या कडेला, अंधारात, पेन्सिलीने लिहिलेले नाव होते ते घडविणाऱ्याचे. आणि ज्याने हे भिंग प्रथम मनात पाहिले, ज्याच्या आकड्यांवाचून या काचांना परस्परांशी काही नातेच उरले नसते, त्याचे नाव कोठेही नव्हते. व्यापाराची ही वहिवाट सर्व काळांत, सर्व देशांत चालत आली आहे. पण वहिवाट जुनी आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

*

पेट्सवाल यांचे उत्तरायुष्य वाचताना मन विषण्ण होते. व्हिएन्नाजवळच्या कालेनबर्ग टेकडीवर एका ओस पडलेल्या मठात त्यांनी बिऱ्हाड केले. तेथून ते घोड्यावर बसून व्याख्यानास येत. स्वभाव करारी, प्रसंगी हेकट. ध्वनी आणि प्रकाश यांच्या लहरींविषयी डॉपलर याने मांडलेल्या सिद्धांतावर त्यांनी कडाडून हल्ला चढविला, आणि त्या वादात चूक पेट्सवाल यांचीच होती, हे सांगितल्यावाचून त्यांचे चित्र पुरे होणार नाही. प्रकाशशास्त्रावरील आपल्या संशोधनाचा एक बृहद्‌ग्रंथ सिद्ध करण्याचे त्यांच्या मनात होते. १८४३ मध्ये त्याचा त्रोटक वृत्तांत त्यांनी प्रसिद्धही केला होता. परंतु १८५९ मध्ये त्यांच्या घरात चोरी झाली आणि हस्तलिखिते नाहीशी झाली. ती पुन्हा लिहून काढण्याची उमेद त्यांना झाली नाही. ते ध्वनिशास्त्राकडे वळले, १८७७ मध्ये निवृत्त झाले, आणि सप्टेंबर १८९१ मध्ये व्हिएन्नात निवर्तले.

जे हरवले त्यातून जे उरले तेही थोडे नाही. भिंगातून पडणारी प्रतिमा खरोखर सपाट नसून वाटीच्या आतल्या अंगासारखी वळलेली असते, आणि ती सपाट करावयाची तर काचांच्या शक्ती व त्यांचे अपवर्तनांक यांचा कोणता मेळ साधला पाहिजे, हा नियम त्यांच्या नावाने आजही प्रत्येक भिंगकार वापरतो. त्यांच्या स्वतःच्या भिंगात हा मेळ पुरता साधलेला नव्हता, कारण त्या काळच्या काचांनी तो साधणे दुर्घट होते. १८८० नंतर जर्मनीतील येना येथे शॉट याच्या भट्ट्यांतून नव्या जातींच्या काचा निघू लागल्या, आणि १८९० मध्ये त्झाइसच्या कारखान्यातून सपाट क्षेत्राचे नवे भिंग बाहेर पडले. पेट्सवाल यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांच्या भिंगाचे राज्यही मावळू लागले होते.

पण त्या न्यूनातच या भिंगाचे लावण्य साठलेले आहे. हे मी पुस्तकात वाचले होते. पाहिले ते गेल्या माघात. तात्यांनी साफ करून दिलेले भिंग आम्ही सांगलीच्या त्याच स्टुडिओतील सागवानी कॅमेऱ्याला पुन्हा बसविले. भात्याला दोन ठिकाणी ठिगळे लावली, प्लेटऐवजी धारकात छपाईचा कागद घातला, आणि नातवाला आजोबांच्याच खुर्चीवर, उत्तरेच्या खिडकीजवळ बसविले. काळ्या कपड्याखाली डोके घालून मी घासलेल्या काचेवर पाहिले, तो त्यांची प्रतिमा तेथे उलटी तरंगत होती: डोळे इतके स्पष्ट, की बुबुळात खिडकीचे गज मोजावे, पण कानांपाशी येता येता रेषा विरघळू लागलेल्या, आणि त्यांच्या मागे अंगणातील कडुनिंबाची पाने वाऱ्याने नव्हे तर काचेने फिरवावीत तशी त्यांच्या मस्तकाभोवती वर्तुळाने फिरत गेलेली. टोपी काढली, मनात तीन अंक मोजले, टोपी लावली.

लाल दिव्याच्या खोलीत, रसायनाच्या ताटलीत कागद हलविताना प्रथम डोळेच वर आले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हे आजोबांच्या फोटोतल्यासारखं आलंय. मी त्यांच्यासारखा दिसतो हे मला आज कळलं."

पुरात ज्यांच्या छबी धुऊन गेल्या त्या सर्वांकडे हे भिंग असेच पाहत होते. चेहऱ्याच्या मध्यावर सारी निष्ठा ठेवावी आणि कडेच्या पसाऱ्याला सौम्यपणे सोडून द्यावे, हा त्याचा धर्म. तो व्हिएन्नात ठरला, पॅरिसमध्ये घडला, लंडनमध्ये विकला गेला आणि सांगलीत दोन पिढ्या पाळला गेला. आज स्पिश्स्का बेला येथे पेट्सवाल यांच्या जन्मघरी छायाचित्रणाचे संग्रहालय आहे, आणि चंद्राच्या पाठीमागच्या अंगावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. ज्या बाजूचे दर्शन पृथ्वीवरून कधीच होत नाही त्या बाजूला त्यांचे नाव असावे, हा योगायोग मला काचेच्या कडेवरील पेन्सिलीइतकाच बोलका वाटतो.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, वाड्यात, आजोळी किंवा बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओत अशी पितळी नळी पडून असेल. तिला चिंच लावून लखलखीत करू नका. लाख निघून जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही. स्वतः पाना लावू नका. जाणत्या हाताची वाट पाहा. तागडीत तर मुळीच घालू नका. खाच आहे की नाही, क्रमांक काय, पितळेवर कोणाचे नाव आहे, हे एका कागदावर लिहा, घरातील वडीलधाऱ्यांना आठवते ते विचारून त्याखाली टिपा, आणि तो कागद भिंगाबरोबर ठेवा. सांगलीच्या त्या घरी आता भिंग माळ्यावर नाही, बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे, आणि त्याखाली नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी आहे: गणित, योझेफ पेट्सवाल, व्हिएन्ना, १८४०, काच, दार्लो, पॅरिस, हात, आमचे आजोबा.